वहिनींच्या नावाचं लॉगिन

नाव: कामावर सगळे कुलूपवाले म्हणतात. वय ३४. व्यवसाय: शीतगृहातील सर्व्हरची देखभाल. राहणार: थोरल्या भावाच्या घरी, शीतगृहापासून बसने अर्धा तास.

मी स्वतः सांगतो की, मला आज ठाण्यात कोणीही बोलावलेले नाही. बोलावणे वहिनींना होते. मी सोबतीला आलो. त्यांची पर्स या क्षणी माझ्या मांडीवर आहे.

वहिनी आमच्याच शीतगृहात पर्यवेक्षक आहेत. मला नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली. तिथले कॉम्प्रेसर आणि अमोनिया वायूच्या झडपा एका लिनक्स सर्व्हरवरून चालतात. सुटीच्या दिवशी वहिनी घरून लॉगिन करून लक्ष ठेवतात.

लोक एकेका नावाने चार-चार ठिकाणी लॉगिन करून ठेवत आणि मग कोणी काय केले याचा पत्ता लागत नसे. म्हणून शनिवारी मी सर्व्हरवर मर्यादा घातली की, एका नावाने एका वेळी एकच लॉगिन. ती चालते का हे पाहायला दुसऱ्या कोणाचे तरी नाव हवे होते. वहिनींचा पासवर्ड मला पाठ आहे, कारण तो मीच ठरवून दिला होता. माझ्या टेबलावरून मी त्यांच्या नावाने आत शिरलो. दुसऱ्यांदा शिरू पाहिले तर सर्व्हरने हाकलले. स्वारी खूश झाली. मी दिवे मालवून घरी आलो. पहिले लॉगिन तसेच चालू राहिले.

रविवारी दुपारी मी कोचावर सामना बघत होतो. वहिनी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. त्यांना शीतगृहातल्या मिस्त्रींचा फोन आला की वायूचा वास येतो आहे. झडप संगणकावरून बंद करायची होती.

वहिनी म्हणाल्या, "अरे, हे मला आत घेत नाही."

मी म्हणालो, "पासवर्ड नीट टाका. घाईत बोटं भलतीकडे पडतात तुमची."

"तीनदा टाकला. तू ऊठ बघू जरा."

"एवढी ओव्हर होऊ द्या, वहिनी."

मी उठलो नाही. वहिनींनी मिस्त्रींना फोन करून झडप हाताने बंद करायला सांगितले. ओव्हर संपल्यावर मी लॅपटॉपचा पडदा पाहिला. लॉगिनची मर्यादा संपली, असे त्यावर लिहिले होते. मी माझ्या नावाने शिरून त्यांचे जुने लॉगिन तोडले आणि म्हणालो, "सर्व्हर अडकला होता. सोडवला."

वहिनी म्हणाल्या, "बरं झालं बाई, तू घरी होतास."

तोवर मिस्त्री झडपेपाशी पोचले होते आणि वायू त्यांच्या तोंडावर आला होता. ते अजून रुग्णालयात आहेत. उजवा डोळा वाचेल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत.

सोमवारी मॅनेजरांनी माझ्याकडे लॉगिनची नोंद मागितली. तीत वहिनी शनिवारपासून आतच होत्या असे दिसते. आत असून झडप बंद केली नाही आणि वर माणसाला मरायला पाठवले, असा त्यांच्यावर आरोप आहे. नोंद मी खरी दिली. लॉगिन कोणत्या संगणकावरून झाले, तो रकाना तेवढा काढून दिला. तो संगणक माझ्या टेबलावरचा आहे.

वहिनी तेव्हापासून एकच सांगत आहेत की मला आत शिरता येत नव्हते. कोणी विश्वास ठेवत नाही. काल रात्री भाऊसुद्धा म्हणाला, "अगं, आठवून बघ नीट." मी ताटावर मान खाली घालून जेवत होतो. त्या खरे बोलत आहेत. त्यांची जागा मी अडवून ठेवली होती. मला लाज वाटते.

रकाना चुकून गाळला, असे हवालदारसाहेबांनी आधी लिहिले होते. 'चुकून' हा शब्द मी काढायला लावला.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. वाचताना दार उघडे ठेवावे, अशी विनंती मीच केली होती, कारण बाहेर बाकावर वहिनी बसल्या आहेत आणि त्यांच्यासमोर उभे राहून हे सांगायची माझी छाती नाही.