प्रेताने उठायचं नसतं

...आणि टाळ्या कुणाला, तर प्रेताला! तुम्हीच सांगा, नाटकात प्रेताचं काम ते काय? चादर ओढून पडून राहायचं, ना भाषण ना पाठांतर, शिंक आली तर गिळायची, बस्स. म्हणून तर ते आमच्या मेहुण्याला दिलेलं. हा गृहस्थ पाल दिसली की खुर्चीवर चढतो आणि तिथून आमच्या हिला विचारतो, 'ताई, गेली का गं ती?' असला मर्द. हिला काम प्रेताच्या बहिणीचं, उशाशी बसून रडायचं.

मी पहिल्या रांगेत, कारण देखाव्यातलं दार आमच्या दुकानचं, माझा धंदाच दारांचा. दिग्दर्शक म्हणत होता, 'शेठ, भिंत कापडाची आहे, दार पुठ्ठ्याचं चालेल.' म्हटलं, वर आमची पाटी आणि खाली पुठ्ठा? अस्सल सागवानी बसवलं, चौघांनी उचलून. लोकांनी माल बघायला नको?

तर दुसऱ्या अंकात आमचे नायक, फौजदार झालेले, 'मी मृत्यूला भीत नाही' असं गरजत आत आले आणि टाळी घ्यायला दार आपटलं धाडकन... काय सांगू तुम्हाला, मागचा टेकू सुटला आणि अख्खी भिंत, दारासकट, हिच्या डोक्यावर झुकायला लागली. हिची पाठ तिकडे, ही आपली रडण्यात रंगलेली. मृत्यूला न भिणारे फौजदार एका उडीत विंगेत. मी उठणारच होतो. पण शेजाऱ्याचे पाय आडवे, रंगमंच छातीएवढा उंच, माणसाने चढायचं कुठून?

तेवढ्यात प्रेत उठलं. चादर गुंडाळलेलीच, तशीच पाठ लावली भिंतीला, पाय रोवले आणि ओरडलं, 'ताई, सरक!' ही सरकली. आता त्या दाराचं वजन मला ठाऊक, हमालसुद्धा शिव्या देतात. ह्याचे दात वाजतायत, मला खाली ऐकू येत होते. पण हलला नाही हो. मागून माणसं धावली, भिंत सावरली, आणि हा शहाणा काय करतो? चादर झटकतो, जागेवर जातो आणि पुन्हा मरतो. नाट्यगृह नुसतं डोक्यावर! अरे, नाटकाला काही शिस्त? प्रेताने उठायचं नसतं. आणि मी उठणारच होतो की.

घरी आलो तर मेहुण्याचा हात गळ्यात अडकवलेला, ही त्याचा खांदा शेकतेय. म्हटलं, 'अगं, मी उठणारच होतो.'

'हो ना,' ही म्हणाली, मान वर न करता.

मेहुणा म्हणतो, 'जाऊ द्या भाऊजी, तुम्हाला उगाच लागलं असतं.' मला! हा! समजूत घालतोय!

मग हिने पुढच्या प्रयोगासाठी दिग्दर्शकाला फोन लावला. 'ह्याचा हात महिनाभर हलायचा नाही. पण प्रेताला माणूस आहे आमच्याकडे. आभाळ कोसळलं तरी उठणार नाही, माझी खात्री.'

काय करता... गेलो तालमीला, पडून दाखवलं. दिग्दर्शक बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, 'शेठ, तुम्हाला तालीम नको.'