गोबीतला खारट चहा

आम्ही नागपूरचे. माझे वडील प्लास्टरचं काम करायचे, जगाच्या भिंती गुळगुळीत करायचे अन् आमच्या घराच्या विटा तशाच उघड्या. मी लहानपणी त्यांना पाटीत माल कालवून द्यायची, पाणी किती घालायचं ते हाताला कळतं, सांगता येत नाही. मग बी.एस्सी. झाले, लग्न झालं, विलासच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे इथे अमेरिकेत बॉथेलला आले अन् युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये लागले. काम काय, तर दगडात अडकलेलं डायनासोरचं हाड सुईनं अन् ब्रशनं मोकळं करायचं, काय सांगू तुला, दिवसाला नखाएवढं काम होतं. हाड जमिनीतून काढताना त्याला गोणपाट अन् प्लास्टर गुंडाळतात, हात मोडल्यावर घालतात तसं. माझं प्लास्टर बघून प्रोफेसर म्हणाले, उन्हाळ्यात मंगोलियाला चल, गोबीच्या वाळवंटात. फॉर्म विलासनंच भरला माझा.

मग मार्चमध्ये विलास गेला. बस स्टॉपवर उभा होता, तिथेच, हार्ट अटॅक. आता सांगते तसंच तेव्हाही सगळ्यांना सांगितलं मी, सरळ आवाजात. कुणी म्हणालं शॉकमध्ये आहे. असेन. त्या दिवशी डब्याचं झाकण लागत नव्हतं, तेवढं आठवतं.

नागपूरला दिराला फोन केला. प्रदीप आधी रडला, मग म्हणाला, वहिनी, आईला आत्ता सांगू नका, परवाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी रडू द्यायचं नाही म्हणून सांगितलंय. महिनाभर थांबू. मी म्हटलं बरं. महिना झाला तर दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. तेही झालं, मग सांगायचा दिवसच सापडेना. दर रविवारी मी फोन करायची, सासूबाई विचारायच्या, विलास बरा आहे ना, मी म्हणायची, बरा आहे, डबल शिफ्टला गेलाय. त्या म्हणायच्या, प्रेसिडेंट झाला काय तिकडचा, आईशी बोलायला वेळ नाही. हसायच्या. मीही हसायची. आत काहीच हलायचं नाही.

जूनमध्ये मी गोबीत गेले. थांबून तरी काय करायचं होतं. उलानबातरहून दोन रशियन ट्रक, चार दिवस, रस्ता असा नाहीच, नुसत्या चाकांच्या खुणा, त्याही पंधरा-वीस शेजारी शेजारी, ड्रायव्हरच्या मनाला येईल ती तो धरायचा. वाटेत त्यांच्या देवाचा दगडांचा ढीग आला की उतरून तीन फेऱ्या मारायचा अन् एक दगड टाकायचा, मग आम्हीही. सगळं पिवळट, सपाट. मला तिथे बरं वाटलं, आत होतं तसंच बाहेर होतं.

चौथ्या दिवशी एका गेरमध्ये थांबलो. गेर म्हणजे जाड लोकरीचा गोल तंबू, दार बुटकं, उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. आपल्याकडे तरी कुठे देतात. आत एकटी म्हातारी होती. ओयुना नावाची तिथल्या कॉलेजची मुलगी आमची दुभाषी, तिनं विचारलं, जनावरं धष्टपुष्ट आहेत ना, म्हातारी म्हणाली, धष्टपुष्ट. हिवाळा नीट गेला ना, नीट गेला. मग दूध अन् मीठ घातलेला चहा आला, वाडग्यात. मला पहिला घोट जाईना, मग पेज समजून प्यायले. पेटीवर लहानशी बुद्धमूर्ती होती, मी हात जोडले. म्हातारीनं विचारलं, ही कशी काय, ओयुनानं सांगितलं, ही पण बौद्धच आहे, बुद्धाच्या देशातली. म्हातारी म्हणाली, मग अमेरिकेहून का आली, एवढा वळसा घालून.

दुसरा वाडगा भरला अन् म्हातारी त्याच आवाजात बोलत राहिली. ओयुनानं सांगितलं, हिवाळ्यात बर्फात निम्मी मेंढरं उभ्या उभ्या मेली, अन् उरलेली शोधायला गेलेला हिचा मुलगाही. मी म्हटलं, मग मघाशी नीट गेला असं का म्हणाली? ओयुना म्हणाली, आधी तसंच म्हणायचं असतं, पाहुणा दारात उभा असताना त्याच्या अंगावर कसं टाकायचं. चहा झाला की मग खरं सांगायचं. पण सांगायचंच.

म्हातारी माझ्याकडे बघून राहिली होती. ओयुना म्हणाली, ती विचारतेय, तुझी जनावरं कशी आहेत. मी म्हटलं, धष्टपुष्ट. म्हातारीनं मान हलवली, माझा वाडगा पुन्हा भरला अन् थांबली. मग मी सांगितलं, मराठीतच, ओयुनालाही कळू नये असं, की विलास गेला अन् त्याच्या आईला माहीत नाही. म्हातारीनं नुसतं हं केलं.

परत आल्यावर पहिल्या रविवारी सकाळी फोन लावला, तिकडे दिवेलागण. सासूबाई म्हणाल्या, आलीस काय, वाळली असशील, विलास बरा आहे ना. मी म्हटलं, बरा आहे. मग म्हटलं, आई, चहा ठेवा, मी थांबते. त्या म्हणाल्या, येडी झालीस काय, फॉरेनच्या फोनवर कुणी चहा ठेवतं काय. म्हटलं, ठेवाच. रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग स्टोव्हला पंप मारल्याचा, मग कपबशीचा. आल्या अन् म्हणाल्या, घेतला, बोल. मी म्हटलं, अर्धा प्या आधी. मग सांगितलं. मार्च, बस स्टॉप, सगळं.

कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, मार्चपासून तू एकटीच आहेस तिथे?

त्याला दोन वर्षं झाली. प्रदीप त्यानंतर सहा महिने माझ्याशी बोलला नाही, त्याला न विचारता सांगितलं म्हणून, बरोबर आहे त्याचंही. मला रडू अजून आलेलं नाही, येईल तेव्हा येईल. तुझं भलं होवो पोरी, एवढं ऐकलंस. रविवारी मी फोन करते, आई विचारतात, कशी आहेस, मी म्हणते बरी, त्या म्हणतात मीही बरी. मग म्हणतात, थांब, आलेच. तिकडून स्टोव्हचा आवाज येतो, अन् मी इकडे माझं आधण ठेवते.