चुकणारा योप

अ‍ॅमस्टेलव्हीनची बस त्या सकाळी धुक्यावर तरंगत चालली होती, पटत नसेल तर सोडून द्या. पुढच्या बाकावर एक मराठी जोडपं होतं.

"वृंदा, डचची परीक्षा तासावर आलीय. पेंगू नकोस."

"योपचा विचार करतेय. तुमच्या डच शिकवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या. रोज चुकतो बिचारा, रोज मी त्याला सुधारते."

"मुद्दाम चुकतो गं. प्रयोग आहे आमचा. निम्म्यांना हुशार योप दिलाय, निम्म्यांना चुकणारा."

"मला वाटलं, बाडहूव्हडॉर्पला, विमानतळापाशी राहत असेल. डोक्यावरून विमानं जातात, नीट ऐकू येत नसेल."

"आजच्या परीक्षेत तुमचा गट मागे पडला, तर चुकणारा सोमवारी बंद."

"हे आत्ता सांगतोयस?"

"आधी सांगितलं असतं तर प्रयोग बिघडला असता."

"सरक जरा, वही काढू दे. माझ्यापुरतं असतं, तर झोपले असते."