चप्पल घालून वाजवायची गिटार

हसा, पण त्या गिटारपायी माझी आई जाणार होती.

शिंदखेड्याला लग्नात बँड वाजवणाऱ्या एका नानांकडून मी ती अँप्लिफायरसकट घेतली. जुनी इलेक्ट्रिक गिटार, होडीच्या आकाराची, आवाज बदलायला घरातल्या दिव्याची बटणं बसवलेली. देताना नाना म्हणाले, "चप्पल काढीसन वाजाडू नको." मला राग आला. वाद्याला चप्पल घालून हात लावायचा?

जळगावला आणून गंज काढला, तारा बदलल्या, मोटर वाइंडिंगवाल्याकडून कॉइल भरून घेतली. गेल्या दसऱ्याला पूजेआधी नानांच्याच अँप्लिफायरला जोडली. आई ओरडली, "चप्पल काढ आधी." काढली. फरशी नुकतीच पुसलेली. तारेला बोट लावलं आणि असा झटका बसला की गिटार हातातून उडून खाली पडली.

वाद्य पडलं म्हणून आई लगेच पाया पडायला वाकली. अनवाणी, कुंकवाने ओली बोटं तारांकडे. कशीबशी वायर ओढली आणि प्लग निघाला. पुढच्याच क्षणी तिची बोटं तारांवर टेकली. "माफ कर गं बाई," ती गिटारला म्हणाली.

नानांना फोन लावला. "नाना, गिटारमध्ये करंट येतोय."

"करंट शे ना भाऊ. म्हनीसन त सांगेल व्हतं, चप्पल काढू नको."

आता अर्थिंग नीट करून घेतलंय. तरी यंदा आईने गिटारची पूजा केली ती बाथरूमच्या रबरी चपला घालूनच.