साबणाने न जाणारा रंग

(लेसरच्या खोलीत तिघं. खुर्चीत लेक, शेजारी स्टुलावर तिचे बाबा, हातात कापूस घेतलेल्या डॉक्टरीणबाई.)

डॉक्टर : हे काय? कापसाला रंग लागतोय.

लेक : कसला रंग? मी चेहऱ्याला काही लावतच नाही. तुम्ही दिलेलं उन्हाचं मलम, तेवढंच. तेही सकाळी बाबा लावून देतात.

डॉक्टर : मलम पांढरं असतं. हा गव्हाळ आहे, अगदी तुझ्या कातडीचा. काका, निघालात कुठं?

बाबा : निघतोय कुठं! पंखा जरा अंगावर येतोय, म्हणून…

लेक : बाबा.

बाबा : अगं, तुझा जन्माचा डाग झाकायला गेला दीड महिना नखाएवढा रंग मिसळला मलमात. जन्म गेला नाटकवाल्यांची तोंडं रंगवण्यात. त्यात तू. शाळेच्या आधी रोज सात मिनिटं तू पुढ्यात बसायचीस. हात आपसूक रंगाच्या डबीकडे वळला.

लेक : लेसर सुरू झालं तेव्हा डबी माळ्यावर टाकली म्हणालात! आणि दीड महिना मी रोज साबणाने तोंड धुतेय, ते?

बाबा : साबणाला दाद देत नाही तो. तेलानेच जातो. भर प्रवेशात घाम येऊन राजाचा हमाल झाला तर कसं चालेल?

डॉक्टर : आणि मी मघाशी फुकटची हरखले! म्हटलं, चौथ्या खेपेनंतर एवढा उतार कसा!

लेक : हसू नका हो. मी पोस्टात आहे. तीन वर्षं मागच्या खोलीत टपाल लावलं. गेल्या महिन्यात साहेबांना म्हटलं, मला पुढची खिडकी द्या. वाटलं, जन्मात पहिल्यांदा मोकळ्या तोंडाने लोकांसमोर बसलेय. ते सगळं यांच्या डबीतलं निघालं.

बाबा : पण बसलीस ना! काय ऐटीत बसली होतीस. मी दोनदा समोरच्या फुटपाथवरून पाहून गेलो.

लेक : त्या ऐटीचं काय करू आता? उद्या कुठलं तोंड घेऊन जाऊ खिडकीवर?

डॉक्टर : आधी तुझं तू बघ. थांब, तेलाने पुसते. हं. हा आरसा, हा पहिल्या दिवशीचा फोटो.

लेक : आहे की अजून.

डॉक्टर : आहेच. खोलातला रंग आहे, फुटतो हळूहळू, मग शरीरच वाहून नेतं त्याला. अजून चार-पाच खेपा लागतील. पण नीट बघ.

लेक : फोटोत डोळ्याखाली दौत सांडल्यासारखं आहे. आता… उजाडायच्या जरा आधी आभाळ असतं ना, तेवढंच निळं. आणि कपाळावरचं तर दिसतच नाही? बाबा, कपाळालाही लावत होतात?

बाबा : नाही. तिथं पंधरा दिवसांपूर्वीच बोट थांबलं. लावायला काही उरलंच नव्हतं.

लेक : मग सांगायचं नाही?

बाबा : ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

डॉक्टर : आता बधिर करायचं मलम लावते, तासाभराने लेसर. रबर ताणून सोडल्यासारखं चटचट लागेल. सूज येईल, आठवडाभर खपल्या राहतील. हवी तर रजा घे.

बाबा : घेईल, घेईल. किंवा खपल्या धरल्या की मी हलक्या हाताने…

लेक : रजा नाही. हलका हातही नाही. उद्या खिडकीवर बसणार, सूज-खपल्यांसकट. कुणी विचारलंच तर सांगेन, काम चालू आहे, तिकिटं मिळतील.

बाबा : डॉक्टर, ऐकलंत? इतके राजे उभे केले मी, एकाच्या तोंडी असलं वाक्य नव्हतं.

डॉक्टर : वाक्य तिचं, आणि छाती तुमची फुगतेय! चला, बाहेर बसा आता.

*

डॉक्टर : घ्या, झालं. हूं की चूं केलं नाही पोरीने. आता फक्त हे औषध, दुसरं काही नाही. काका, दुसरं काही नाही! आणि बाहेर छत्री उघडायची.

लेक : उन्हासाठी ना?

डॉक्टर : उन्हासाठीच.

बाबा : गाडी बोलावतो.

लेक : चालत जाऊ. बाजारातून.

बाबा : या वेळी? सगळं गाव असेल तिथं.

लेक : असू दे.

बाबा : बरं. आण ती छत्री, मी धरतो.

लेक : धरा. पण बाबा, लहानपणापासून तुम्ही डागाच्या बाजूने चालत आलात, लोकांच्या आणि माझ्या मधून. आज या दुसऱ्या बाजूला या.