रंगवलेलं बटण

दातांच्या दवाखान्यात इतका वेळ बसले, की माझे उरलेसुरले दात कंटाळून आपणहून घरी गेले. शेजारी एक मावशी होती, दृष्टी नसलेली, फोन कानाशी धरलेली. सोबत या दवाखान्याची वेबसाइट बनवणारा तिचा भाचा.

“अरे, फोन मला सगळं वाचून दाखवतो, पण तुझ्या वेबसाइटवर वेळ ठरवायची म्हटलं की गप्प! दर वेळी तुझ्या विनवण्या करायच्या का मी?”

“मावशी, तिथे मोठं निळं बटण आहे की.”

“असेल बाबा. मला निळं काय अन् पिवळं काय!”

“अगं, म्हणजे… मी नुसता चौकोन बटणासारखा रंगवलाय. हे बटण आहे, असं फोनला कळतच नाही.”

“भिंतीवर दार रंगवलंस की रे! आणि बाकीच्या पानांवर?”

“सगळीकडे तोच साचा.”

“शाबास! चूकसुद्धा किती नीटनेटकी.”

“थांब, लॅपटॉप काढतो. साच्यातच खरं बटण घातलं की सगळीकडे सुधारेल… हं, आता बघ.”

‘वेळ ठरवा, बटण,’ फोन बोलला.

“बोललं रे बोललं! हे बघ, पुढची वेळ घेतलीसुद्धा.”

“कधीची?”

“गुरुवारची.”

“गुरुवारी मला सुट्टी नसते गं. तुला आणणार कोण?”

“माझी मी येईन. म्हणून तर गुरुवार घेतला.”