गावोगावचा खेळाडू

तुम्हाला सांगतो, कतारमधलं अल खोर सोडून मस्कतला जायचं ठरलं, तेव्हा आमची मुलगी फार रुसली होती. घरी माझे इंग्रज सहकारी जॉर्ज आले होते. ते तिला म्हणाले, "माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धाआधी इंग्लंडमध्ये फुटबॉल खेळायचे. एक-दोन वर्षं झाली की क्लब त्यांना सोडून द्यायचा. पुन्हा नवं गाव, नवी टीम. नाव काही झालं नाही."

"मग त्यांचं कुणीच नव्हतं?" तिनं विचारलं.

"मलाही तसंच वाटायचं. पण ते वारले, तेव्हा अंत्यविधीला कुठकुठल्या गावांहून म्हातारे आले. जो तो माझा हात धरून सांगत होता, 'तुझे आजोबा आमचे होते, बरं का.'"

तिनं चपला घातल्या आणि मैत्रिणींना भेटायला गेली.